विषय: बाबांचा लॅपटॉप आणि एसएसडी

मंडळी, नमस्कार.
पुढच्या महिन्यात नागपूरला जातेय. बाबांचा 2016 चा लॅपटॉप जीव खातोय. "हे चालू होऊन राहिलं तोवर माझी आंघोळ होऊन जाते," हे त्यांचेच शब्द. बर्डीवरच्या एका दुकानदाराने मदरबोर्डच गेला, नवीन घ्या म्हणून सांगितलं. बाबा नवीन घ्यायला तयार नाहीत. नुसती डिस्क बदलून एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) टाकली तर भागेल का?

---

ताई,
मदरबोर्ड गेला असता तर तो सुरूच झाला नसता! बाबांना विंडोजमधला टास्क मॅनेजर (लॅपटॉपचा कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडून बघायला सांगा. डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवर ठाण मांडून असेल तर दुखणं तिथंच आहे. मिनिटाला 5400 फेरे घेणारी डिस्क; एकेक तुकडा शोधायला तिला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीत फिरणारं काही नसतंच.

मी मागच्या मे महिन्यात मानेवाड्याच्या घरी हेच केलं. माझी फजिती तेवढी ऐका. जुनी डिस्क 500 जीबीची, मी स्वस्त पडली म्हणून 480 ची एसएसडी घेऊन आलो. आत सामान जेमतेम 90 जीबी, मग काय हरकत आहे? भर दुपारी कूलरसमोर बसून क्लोनझिला (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, नव्या डिस्कवर उतरवणारं सॉफ्टवेअर) लावलं, तर ते अडूनच बसलं: नवी डिस्क लहान आहे. ते भरलेली जागा मोजत नाही, डिस्कचं माप बघतं. दुसऱ्या दिवशी तोंडाला दुपट्टा बांधून पुन्हा बर्डी गाठली आणि 512 ची बदलून आणली. तुम्ही तीच घ्या.

अडीच इंची, साटा जोडणीची (जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी), 7 मिलिमीटर जाडीची बघा. एम डॉट टू प्रकारची (छोट्या पट्टीसारखी) घ्यायची तर आधी मॉडेल नंबरवरून तशी खाच आहे का ते तपासा. सोबत क्लोन करताना नवी डिस्क बाहेरून जोडायला यूएसबीची साटा केबल लागेल. क्लोन करण्याआधी बिटलॉकर (डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बंद करा. खोलल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढायची. स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लॅपटॉपचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथं चिकटपट्टीने लावला होता. आमचा आता वीसेक सेकंदांत सुरू होतो.

---

दादांचं बरोबर, पण एक राहिलं. 2016 चा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही, आणि 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. बाबा त्यावर बँकेची कामं करतात का? करत असतील तर क्लोनच्या भानगडीत न पडता कोऱ्या एसएसडीवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाका. पेपर वाचायला, व्हिडिओ कॉलला काही अडत नाही. जुनी डिस्क तशीच जपून ठेवा, फोटो तिच्यात राहतील.

---

दादा, काका, आभार.
टास्क मॅनेजर बघितला, 100 टक्केच. म्हणजे दुकानदार चुना लावत होता. 512 चीच घेते. बिटलॉकरचं विचारलं तर बाबा म्हणाले, "लॉकर बँकेत आहे, किल्ली आईपाशी." ते आता गेल्यावरच बघीन. मिंटबद्दल अजून बोलले नाही, एका वेळी एकच धक्का.
संत्रा बर्फी कुणाला हवी ते 20 तारखेपर्यंत कळवा. दोन किलोच्या वर आणणार नाही.