राणीच्या पदरी राहणाऱ्या लेडी लोकांना पगार असतो का?

भुसावळकर७७:
मंडळी एक शंका. इंग्लंडच्या राणीच्या मागे गुच्छ सांभाळत त्या लेडी-इन-वेटिंग उभ्या असायच्या ना, त्या म्हणे मोठ्या उमरावांच्या पोरी. घरी वाडे, जमिनी, आणि इथं येऊन दुसऱ्याची पत्रं लिहायची? पगार तरी बरा होता का? बाबा म्हणतात यापेक्षा आपली रेल्वे बरी.

अमळनेरची_ताई:
दादा पगार नव्हताच, कपड्यालत्त्याचा थोडाफार खर्च मिळायचा बस. म्हणून घरचं खाऊन करणारीच लागायची. अ‍ॅन ग्लेनकॉनर बघा, अर्ल ऑफ लेस्टरची थोरली लेक, पण तिला भाऊ नाही आणि पोरीला वारसा नाही म्हणून होकम हॉल आणि सगळी इस्टेट गेली भाऊबंदात. १९५३ च्या राज्याभिषेकात एलिझाबेथचा झगा धरणाऱ्या सहा जणींतली ती एक, मग १९७१ ते २००२ राणीची बहीण प्रिन्सेस मार्गारेटकडे. नवरा तर अवलीच, १९५८ ला ४५ हजार पौंडात कॅरिबियनमधलं मस्टिक बेट घेतलं आणि त्यातली १० एकर मार्गारेटला लग्नाचा आहेर!! २०१० ला वारला तेव्हा सेंट लुशियातली इस्टेट नोकराच्या नावावर निघाली. माहेरचं गेलं, सासरचं गेलं, मला तर वाटतं दरबारातली जागा तेवढी तिची स्वतःची होती.

धुळ्याचा_भो:
पगार कोन विचारतो भो, पोळ्याला पाटलाचा बैल पहिले निघतो त्याला काय पैसे भेटतात का, मान असतो. डचेस ऑफ ग्राफ्टन १९६७ पासून २०२१ ला मरेपर्यंत मिस्ट्रेस ऑफ द रोब्स (राणीकडच्या बायकांत सगळ्यात वरची) होती, १०१ वर्षांची! आणि या बायका म्हणजे नुस्ती शोभा नाही बरं. १८३९ ला पंतप्रधान व्हायला निघालेला रॉबर्ट पील राणी व्हिक्टोरियाला बोल्ला, महालातल्या विग पक्षवाल्या (त्याच्या विरोधकांच्या) काही बायका काढा, ती बोल्ली नाही काढत, तर यानं सरकारच बनवलं नाही, आधीचा विगवाला मेलबर्नच परत पंतप्रधान.

भुसावळकर७७:
आयला! आणि आता?

केळीवाला_रावेर:
चार्ल्स राजाची राणी कॅमिलानं २०२२ ला लेडी-इन-वेटिंग हे पदच बंद केलं, आता सहा 'क्वीन्स कंपॅनियन', पत्रं ऑफिसवाले बघतात. लेडी सुसान हसी १९६० ला राणी एलिझाबेथला प्रिन्स अँड्र्यू झाला तेव्हा अभिनंदनाच्या पत्रांना उत्तरं द्यायला आली ती साठ वर्षं राह्यली, आणि नोव्हेंबर २०२२ ला पॅलेसमधे एका काळ्या पाहुणीला मूळची कुठली, मूळची कुठली करत राह्यली म्हणून सोडावं लागलं. आपल्या एस्टीत तर हाच पहिला प्रश्न 😄

अमळनेरची_ताई:
भाऊ, ती पाहुणी तिथंच जन्मलेली होती, तसं सांगूनही परत विचारलं.