बाभळीच्या गाठीसाठी रिलीफ व्हॉल्व्ह आवळू नका

दादा, ट्रॅक्टरच्या तेलदाबावर चालणाऱ्या लाकूडफोड यंत्राची पाचर गाठाळ बाभळीत अडते म्हणून ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ न देणारी झडप) आवळून दाब वाढवायचं म्हणताय, ते कृपा करून करू नका. पंप, होज (तेलाच्या नळ्या), सील सगळं ठरलेल्या दाबावरच बेतलेलं असतं. जोर हवा तर पाचर ढकलणारा सिलिंडर मोठा घ्या. १५० बार दाबाला ८० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर साडेसात टनांच्या थोडं वर जातो, १०० मिमी थेट बारा टन. वेग घटेल, १०० मिमीवाल्याला ६०० मिमीच्या स्ट्रोकला (पाचरीच्या एका धावेला) मिनिटाला २० लिटरच्या पंपावर १४ सेकंद लागतील. आपल्या मराठवाड्यातल्या वाळलेल्या बाभळीला तेवढे द्यावेतच.

परतीचा होज जाड ठेवा. पाचर मागं येताना पंप देतो त्याहून जास्त तेल टाकीकडं जातं, बारीक होज असला की सगळं अडतं आणि तेल तापतं. हे बरेच जण विसरतात.

चाचणी घेताना आधी दाबाचं गेज लावून रिकामे स्ट्रोक मारा, हवा निघू द्या, मग मऊ लाकूड, शेवटी बाभूळ. आणि गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा फिरवा! त्या दाबाचं तेल कातडीत घुसतं. घुसलंच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.