पाळकीण म्हणजे नेमकी कोण?

अमळनेरकर : मंडळीच्या महिला मेळाव्याची पत्रिका छापायला दिली होती. मुख्य वक्त्या स्वतः दीक्षा घेतलेल्या पाळक, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू. मी त्यांच्या नावापुढे ‘पाळकीणबाई’ घातलं. प्रूफ बघून त्यांचा फोन आला, “अहो, पाळकीण माझी सासू होती!” हसत म्हणाल्या, पण मी वरमलो. शब्दात चूक काय?

धुळेकर : सगळा घोळ ‘ईण’चा. वाघीण म्हणजे मादी, पण पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. मास्तरीण आधी मास्तरची बायको होती. बाया शाळेत शिकवायला लागल्या तसा शब्दही त्यांच्याबरोबर शाळेत गेला. पाळकीण मात्र घरातच राहिली, कारण वेदीवर बाई दिसतच नव्हती. आमच्याकडे “पाळकीणबाई उनी” म्हटलं की पाळकसाहेबांची बायको आली, एवढंच. तीच बाई रविवारची शाळा घ्यायची, पेटी वाजवायची, बाळंतिणीला भेटून यायची. पगार एकाला, कामं दोघांची! म्हणून हा शब्द टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही.

2013 साली चर्च ऑफ साउथ इंडियाच्या नंद्याळ धर्मप्रांतात ई. पुष्पा ललिता बिशप झाल्या. त्यांना ‘बिशपीण’ म्हणून बघा. जीभच अडते. गावात बाई सरपंच झाली तरी आपण सरपंचच म्हणतो. तसंच सरळ ‘पाळक’ लिहा.

भुसावळकर : कवीची बायको वेगळी, कवयित्री वेगळी. कवी ना. वा. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्यांना कुणी ‘कवीण’ म्हणालं नाही. ‘यित्री’त नवरा लपलेला नसतो. आता त्या चालीवर ‘पालयित्री’ करू नका म्हणजे मिळवली!

नवापूरकर : बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातली फिबी घ्या. मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस, पौल स्वतःलाही तोच लावतो. मराठीत तो सेवक, फिबी सेविका. व्याकरण बिनचूक, पण आज ‘सेविका’ म्हटलं की अंगणवाडीच डोळ्यांसमोर येते. त्यापेक्षा बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकातली मिर्याम बघा. ती संदेष्ट्री, म्हणजे देवाचा संदेश सांगणारी, हातात डफ घेऊन पुढे, बाकी बाया तिच्या मागून. तिची ओळख मोशे-अहरोनाची बहीण म्हणून आहे, कुणाची बायको म्हणून नाही.

गाण्यात पुढे असणाऱ्या बाईला मात्र आपल्याकडे धड शब्दच नाही. ‘पुढारीण’ म्हटलं की टोमणा वाटतो. पोरं ‘वर्शिप लीडर’ म्हणतात. आमच्या म्हाताऱ्या म्हणतात, ‘पट्टी धरणारी’, म्हणजे गाणं कुठल्या सुरात गायचं ते ठरवणारी. मला हाच आवडतो. आमच्याकडे पुरुष पेटीवर बसले की काळी एक, म्हणजे पुरुषांना सोयीची खालची पट्टी, मग बायांचे आवाज खाली घरंगळतात. एका रविवारी मामी पेटीवर बसल्या, काही न बोलता बायांना सोयीची काळी चार धरली. पहिल्या कडव्याला पुरुषांचे गळे चिरकले, दुसऱ्याला ते मुकाट एक सप्तक खाली उतरले. पट्टी काही मामींनी बदलली नाही.

अमळनेरकर : ‘पाळक’ असं दुरुस्त करून पाठवलं. आता छापखान्यातला मुलगा विचारतोय, “काका, नावाआधी सौ. टाकू ना?”