स्कॉटलंडमध्ये सापडलेली रेघांची कवडी, ही खरी कवडी का?

पुळणवेडी:
आम्ही सुट्टीत स्कॉटलंडच्या अगदी वरच्या टोकाला गेलेलो, जॉन ओ'ग्रोट्सला. तिथे डंकन्सबी हेडच्या अलीकडे शिंपल्यांच्या चुऱ्याची पुळण आहे, लेकीने तासभर गुडघ्यांवर बसून तीन इवल्याशा कवड्या शोधल्या. जेमतेम सेंटीमीटरभर, गुलाबीसर. खालची फट अगदी कवडीसारखी पण पाठीवर बारीक आडव्या रेघा, नख फिरवलं की कंगव्यासारखं खरखरतं. आईकडे देवीची कवड्यांची माळ आहे त्या तर गुळगुळीत असतात ना? आणि एवढ्या गार पाण्यात कवडी कुठून आली?

खडपीकर:
ताई, लकी आहात, तिकडे ह्याला ग्रोटी बकी म्हणतात, सापडली की लोक पर्समध्ये जपून ठेवतात. आपल्या माळेतली कवडी नाही ही, लांबची भावकी म्हणा. कवडीचं कूळ सायप्रीइडी, हिचं ट्रिव्हीइडी. कवडीला दात फक्त फटीच्या कडेला असतात, हिच्या रेघा, साधारण 20 ते 30, पाठीवरून वळसा घालून थेट फटीत उतरतात. तिकडे दोन जाती मिळतात, पाठीवर तीन काळपट ठिपके असतील तर ट्रिव्हिया मोनाका, नसतील तर ट्रिव्हिया आर्क्टिका.

शंखोबा:
खडपीकर, ठिपक्यांचं बरोबर, पण किनाऱ्यावर पडून उन्हापाण्याने रंग उडतो आणि मग मोनाका पण कोरीच दिसते, त्यामुळे ठिपके नाहीत म्हणून लगेच आर्क्टिका ठरवू नका.

आणि गार पाण्याचं म्हणाल तर हिला लागतं ते खाणं तिकडे आहे की. खडकाला जेलीच्या थरासारखे चिकटून राहणारे सी स्क्वर्ट असतात ना, ते हिचं जेवण. अंडी पण त्यातच, आधी कुरतडून खड्डा करायचा आणि त्यात अंड्यांची कुपी बसवायची. म्हणजे पोळी खायची पण तीच आणि बाळंतपण पण तिच्यातच 😄

नवशिक्या:
जिवंत असताना पण रेघा दिसतात का?

शंखोबा:
फिरत असेल तर फार नाही, अंगाची पातळ घडी दोन्ही बाजूंनी शिंपल्यावर ओढून घेते. कवडी पण तेच करते, म्हणून तर दोघींना ती चकाकी.

पुळणवेडी:
आत्ता पाण्यात बुडवून टॉर्च मारून बघितलं, दोन कोऱ्या आहेत पण तिसरीवर दोन ठिपके नक्की दिसतायत, तिसरा आहे असं फक्त लेक म्हणतेय.