मदत हवी आहे: आठवी-नववीसाठी व्यसनविरोधी सत्रं, भाषणाशिवाय

२६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाला आम्ही फेरी, पोस्टर स्पर्धा, शपथ सगळं केलं. काळ्या पडलेल्या फुप्फुसांचे फोटो दाखवले, तर मागच्या बाकांवर खसखस पिकली! भीती घालून किंवा एकाच भाषणाने काही साधत नाही, हे संयुक्त राष्ट्रांच्या व्यसन-प्रतिबंधाच्या मानकांतही (म्हणजे व्यसन कसं रोखावं याच्या मार्गदर्शक निकषांत) आहे. म्हणून आता मित्राने आग्रह केला तर नकार कसा द्यायचा, याचा छोट्या नाटुकल्यांतून सराव घ्यायचाय. वर्गात साठ मुलं, तास चाळीस मिनिटांचा, समुपदेशक नाही. पदार्थांची नावं घ्यायला मुख्याध्यापकांची ना आहे (मलाही ते पटतं). पालकसभेला मोजकेच येतात, तो प्रश्न नंतर बघू. एवढ्या मोठ्या वर्गात गट कसे पाडता? आणि सत्रानंतर एखाद्या मुलाने ‘मी घेतो’ असं हळूच सांगितलं, तर आधी कोणाशी बोलायचं?