नागा गावातलं बाप्टिस्ट चर्च: गावाचं की मिशनचं?

डोंगरउतार

चार वर्षं मोकोकचुंग जिल्ह्यात शिकवायला होते. परत आल्यापासून, लग्नकार्य असो की बँकेची रांग, नागालँडचं नाव निघालं की एकच वाक्य कानावर येतं: "मिशनऱ्यांनी बाटवलं त्यांना." या वाक्याचा मला त्रास होतो, कारण त्यात नागा माणूस कुठेच नसतो. करणारे गोरे, आणि ज्यांचं झालं ते बिचारे. म्हणून हा धागा काढते आहे.

आओ या नागा जमातीचं मोलुंगकिमोंग नावाचं गाव आहे. 1871 मध्ये तिथे शुभवर्तमान घेऊन पहिल्यांदा गेला तो गोरा नव्हता. गोधुला ब्राउन हा असमिया माणूस. सुपोंगमेरेन नावाच्या आओ माणसाकडून तो त्यांची भाषा शिकला आणि डोंगर चढला. गावाला वाटलं, हा कंपनीचा हेर. त्याला एका झोपडीत ठेवून वर पहारा बसवला. तो आत बसून गात राहिला आणि ऐकायला माणसं जमू लागली. नोव्हेंबर 1872 मध्ये 9 आओ आपणहून खाली आसामातल्या शिबसागरला आले आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. डिसेंबरात एडवर्ड विंटर क्लार्क हे अमेरिकी मिशनरी गावात पोचले, तिथे आणखी 15 जणांचा झाला. 24 माणसांची ही मंडळी, म्हणजे गावातलं चर्च.

बाप्टिस्टांचं वेगळेपण असं की बाप्तिस्मा समजत्या वयात, पाण्यात पूर्ण बुडवून. आणि वर बिशप नाही. गावची मंडळी आपला पाळक, म्हणजे धर्मगुरू, स्वतः निवडते, त्याला पोसते, पटलं नाही तर बदलते. मी ज्या गावात रविवारी जायचे तिथे उपासना झाली की जमाखर्च वाचला जाई. एकदा छपराच्या पत्र्यांच्या खिळ्यांवरून चांगला अर्धा तास वाद झाला. किती आणले, किती लागले, उरलेले कुणाकडे. शेवटी एक आजी उठल्या, शाल सावरली आणि म्हणाल्या, माझ्याकडे डब्यात आहेत, येऊन मोजा. दोघं जण खरंच गेले, मोजून आले, आकडा वहीत चढला, मग सगळे जेवायला उठले.

ही संस्था मला परकी वाटत नाही. गावाने उभारली, गावाने पोसली, ती गावाची आहे. पटत नसेल त्यांनी का ते लिहावं.

वाघूर

पटत नाही. गावाची म्हणता, तर मग गाव फुटलं कशाने? 1876 मध्ये क्लार्क कायमचे राहायला आले आणि मोलुंगकिमोंगमध्ये दोन तट पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ख्रिस्ती झालेली काही कुटुंबं क्लार्कबरोबर बाहेर पडली आणि त्यांनी मोलुंगयिमसेन हे नवं गाव वसवलं. एका पाणवठ्यावरची माणसं 4 वर्षांत दोन डोंगरांवर गेली.

आणि अरिजुचं काय? अरिजु म्हणजे गावातल्या पोरांचं एकत्र राहायचं घर. घर बांधणं, शिकार, पूर्वजांच्या कथा, मोठ्यांशी वागणं, सगळं तिथे शिकायचं. मंडळीच्या पोरांना तिथे जायला बंदी. भाताची बिअर म्हणजे रोजचं अन्न, ती वर्ज्य. मिथुन (तिकडचा डोंगरी बैल) कापून सगळ्या गावाला जेवू घालण्याचे सोहळे वर्ज्य, आणि या सोहळ्यांतूनच तर श्रीमंताचं धान्य गरिबाच्या पोटात जायचं. जे. पी. मिल्स हा इंग्रज अधिकारी मोकोकचुंगलाच नेमणुकीला होता. 1926 मध्ये त्याने आओंवर ग्रंथ लिहिला, त्यात मिशनच्या या बंदीवर त्याने कडक टीका केली आहे. अरिजु मेला आणि तुम्ही आम्हाला खिळ्यांची वही दाखवता.

रानवारा

वाघूर, अरिजुबद्दल तुमचं दुःख खरं आहे, पण त्याच अरिजुत शत्रूगावचं मुंडकं आणायची तयारीही व्हायची, तेही लिहा. ज्या बाईचं पोर पाणी भरायला गेलं आणि परत आलं नाही, तिला नवा धर्म का बरा वाटला असेल?

दुसरी गोष्ट. लोक म्हणतात चर्च बंदुकीमागून आलं. आओंचा मुलुख इंग्रजांनी ताब्यात घेतला 1889 मध्ये. मोलुंगकिमोंगची मंडळी त्याच्या 17 वर्षं आधीची. क्लार्क गेले तेव्हा तिथे सरकारची हद्दच नव्हती. आणि 1950च्या दशकात विदेशी मिशनऱ्यांना नागा टेकड्या सोडाव्या लागल्या, त्यानंतर काय झालं? 1951च्या जनगणनेत ख्रिस्ती सुमारे 46 टक्के, 1991 मध्ये 87 टक्के. मिशनरी गेल्यावर प्रसार केला तो नागांनीच.

1964चंही विसरू नका. वोखाला भरलेल्या बाप्टिस्ट अधिवेशनातून शांतता मंडळाची मागणी पुढे आली. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि इंग्रज पाद्री मायकेल स्कॉट त्यात होते, आणि त्या सप्टेंबरात युद्धबंदी झाली. लष्कर आणि भूमिगत नागा बंडखोर यांच्यामध्ये उभी राहील अशी दुसरी कुठली संस्था तेव्हा तिथे होती?

वाघूर

शांततेचं श्रेय मी नाकारत नाही. पण मुंडकी आणणं थांबवायला लाकडी ढोल गप्प करायची गरज होती का? एका अख्ख्या बुंध्यातून कोरलेला, आग लागली, हल्ला झाला, सण आला की वाजणारा. तो गावाचा आवाज होता. एका वाईट प्रथेपायी सगळं घरच पाडायचं?

पाळकाची नात

मी नगरची, आजोबा खेड्यातल्या मंडळीचे पाळक. आमची मंडळी बाप्टिस्ट नव्हे, अमेरिकन मराठी मिशनची, तरी वाघूर यांचं दुखणं मला आतून कळतं. आमच्याकडे नारायण वामन टिळक झाले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो माणूस अभंग आणि ओवी घेऊनच आत आला. लहानपणी रात्री कंदिलाच्या उजेडात टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचं कीर्तन ऐकलंय मी, बाहेर ओट्यावर शेजारची वारकरी मंडळी बसून ऐकायची. आओ मंडळ्यांत बराच काळ अमेरिकी चालीच गायल्या गेल्या, शब्द फक्त आओ. माझी तक्रार एवढीच आहे की मिशनऱ्याने दिलेलं गाणं मंडळीने जसंच्या तसं ठेवलं. गाव स्वतंत्र होतं ना? मग आपली चाल लावायला कुणी अडवलं होतं?

डोंगरउतार

ताई, याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. देवाला शब्द मात्र त्यांनी आपला जुनाच ठेवला: त्सुंगरेम. पीक वाचवणाऱ्या, पाऊस आणणाऱ्या शक्तींना जे म्हणायचे तेच. वाघूर, त्सुंगकोतेप्सु नावाची शाल आहे, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर वाघ, मिथुन, भाले रंगवलेले. पूर्वी ती पांघरायचा मान कमवावा लागे. आज लोक तीच घालून रविवारी बाकावर बसतात. तुटलं ते खूप, हे मी मानते. पण तोडणारे हातही बहुतेक गावातलेच होते, आणि आज जपणारेही तेच आहेत.

शब्दवेडा

भाषेचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. बाप्टिस्टांचं छपाईचं वेड आपल्याला नवं नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरचे बाप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी यांनी नागपूरच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये मोडी लिपीत कोश काढला. क्लार्कही मुळात शिबसागरच्या छापखान्याचं काम बघायला आले होते. आओला लिपी मिळाली, 1911 मध्ये क्लार्क यांचा कोश छापला गेला. इथपर्यंत उत्तम.

पण आओच्या दोन मोठ्या बोली, चुंगली आणि मोंगसेन. मोलुंगकिमोंगला चुंगली बोलतात, म्हणून पुस्तकं चुंगलीत, शाळा चुंगलीत, उपासना चुंगलीत. मोंगसेन बोलणारी माणसं घरी एक आणि चर्चमध्ये दुसरी बोलू लागली. मिशनरी दुसऱ्या गावात आधी पोचला असता तर उलटं झालं असतं. याला गावाची निवड कसं म्हणायचं, डोंगरउतार?

डोंगरउतार

इथे मी माझा शब्द मागे घेते. माझ्या घरमालकीणबाई मोंगसेन बोलायच्या. कोंबड्यांना, नातवंडांना, चुलीला मोंगसेन. जेवणाआधीची प्रार्थना चुंगलीत. त्यांचे यजमान गेले त्या रात्री पाळक त्यांच्या पायाशी उभे राहून चुंगलीत प्रार्थना करत होते आणि या उशाशी बसून, अगदी हलक्या आवाजात, मोंगसेनमध्ये नवऱ्याशी बोलत होत्या. पाळकांनी त्यांना थांबवलं नाही. आपला आवाज मात्र खाली आणला.

शब्दवेडा

त्या काय म्हणत होत्या, कळलं का तुम्हाला?

डोंगरउतार

नाही. मी चुंगलीच शिकले होते, रविवारी, चर्चमध्ये.