चुकलेलं उत्तर कुणी वाचायचं?

गणितशिक्षिका
आमच्याकडे गणिताचा सराव आता सॉफ्टवेअरवर होतो. परवा एका मुलीने १/२ + १/३ चं उत्तर २/५ दिलं. लाल फुली आली. मग सूचना आली. ती न वाचताच तिने पुढची सूचना उघडली, मग त्यापुढची, आणि शेवटी उत्तरच मिळवलं. अहवालात घटक 'पूर्ण'. हेच वहीत दिसतं तर मला लगेच कळलं असतं की ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते आहे. कागदाची अर्धी पट्टी हातात देऊन विचारलं असतं, 'हिला आणखी एक तुकडा जोडला, तर ती अर्ध्याहून लहान कशी झाली?' माझं ठाम मत आहे, संकल्पना शिकवून झाल्याशिवाय मुलांना स्क्रीनसमोर बसवू नये.

विज्ञानशिक्षक
मॅडम, अजिबात पटलं नाही. भरलेल्या वर्गात प्रत्येक वही त्याच दिवशी तपासून होते का? माझ्याकडून तरी होत नाही. चार दिवसांनी वही परत मिळते, तोवर चूक हाताला बसलेली असते. १९५३ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर स्वतःच्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले, तेव्हा त्यांना हेच खटकलं होतं: आपलं बरोबर की चूक, हे मुलांना वेळेवर कळतच नाही. त्यातूनच त्यांनी शिकवण्याचं यंत्र बनवलं. तुम्ही पाहिलेला दोष त्या सूचनांच्या रचनेचा आहे, त्यासाठी सगळं सॉफ्टवेअर मोडीत कशाला काढायचं?

भाषाशिक्षक
सर, भाषेत हे फार पुढे जात नाही. ऱ्हस्व-दीर्घ सापडतं. पण मुलाने निबंधात दुसऱ्याचंच मत मांडलंय की स्वतःचं, हे त्या मुलाला ओळखणाऱ्यालाच कळतं.

गणितशिक्षिका
सर, लगेच कळायला हवं हे मान्य. पण काय कळायला हवं? स्किनर यांनी पायऱ्याच इतक्या बारीक केल्या होत्या की मूल सहसा चुकूच नये. मला चूक हवी आहे, कारण मूल कसा विचार करतं ते मला तिच्यातच दिसतं. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी केलेली लोगो ही संगणकभाषा घ्या. तिच्यात मूल आज्ञा देतं आणि स्क्रीनवरचं कासव चालत रेघ काढतं. त्रिकोण काढायचा म्हणून मुलं कासवाला ६० अंश वळवतात आणि आकृती उघडीच राहते. तिथे फुली येत नाही. मूल स्वतःच चक्रावतं, कासवाच्या जागी उभं राहून वळून बघतं आणि १२० पर्यंत पोचतं. असं सॉफ्टवेअर मी रोज वापरीन.

विज्ञानशिक्षक
म्हणजे तुमचा विरोध सॉफ्टवेअरला नाही, सरावाच्या सॉफ्टवेअरला आहे. तरी तिथेही मी अडून बसेन. लोगोच्या तासाला प्रत्येक कासवापाशी थांबणारा शिक्षक लागतो, नाहीतर निम्मी मुलं नुसती रेघोट्या ओढतात. आणि पाढे, समीकरणांचं संतुलन यांना सराव लागतोच. शिवाय वर्गासमोर चुकायला घाबरणारी मुलं यंत्रासमोर दहा वेळा चुकतात. माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षभर हात वर करत नव्हता, तो स्क्रीनवर मात्र सोडवत सुटला.

गणितशिक्षिका
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. त्या मुलासाठी मी माझा हट्ट सोडेन. पण त्याच्या त्या दहा चुका तुम्ही नंतर पाहिल्यात का?

विज्ञानशिक्षक
नाही. अहवालात फक्त गुण येतात.